चार महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी स्कूटरची बॅटरी चार्ज होत नाही: दोष कुठे शोधावा?

डाकसेवक_दारव्हा

सर्वांना नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका शाखा डाकघरात ग्रामीण डाकसेवक असून टपाल वाटपासाठी ११० सीसीची, २०१८ सालची, कार्ब्युरेटरची स्कूटर वापरतो. रोजचा फेरा साधारण ३० किलोमीटरचा असला, तरी त्यात २० ते २५ ठिकाणी थांबावे लागते आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना सेल्फ मारावा लागतो. निम्मा रस्ता पांदणीचा आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये आणि पायदानाखाली इतका बसतो, की दर दोन दिवसांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपने गाडी धुतल्याशिवाय चाक मोकळे फिरत नाही.

पहिल्या बॅटऱ्या तीन-तीन वर्षे चालल्या, म्हणून मार्चमध्ये सेल्फ बंद पडला तेव्हा नवी बॅटरी घेताना मला काही वेगळे वाटले नाही. ती मात्र मे महिन्यातच बसली. दुकानदाराने ती वॉरंटीत बदलून दिली आणि आता डवरणीच्या दिवसांत तिसरी बॅटरीसुद्धा दुपारपर्यंत सेल्फ ओढेनाशी झाली आहे. दरम्यान मिस्त्रींनी आरआर युनिट (इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग) बदलून बाजारी बसवले, पण फरक पडला नाही. आता मॅग्नेटची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची, कॉइल जळाली असेल, मॅग्नेट उघडावा लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसतात, किकने सुरू करून संथ चालू ठेवल्यावरही १२.१ आणि चांगली रेस दिल्यावर फार तर १२.३. हेडलाइट मात्र रेसबरोबर छान उजळतो. रविवारी गाडी दिवसभर उभी राहिली तरी सोमवारी व्होल्ट तेवढेच असतात. आणखी एक गोष्ट अशी, की चावी लावून इंजिन बंद असताना हॉर्न घोगरा, जवळजवळ मुका वाजतो, पण इंजिन चालू झाले की स्वच्छ वाजतो. बॅटरी उतरलेली असल्यामुळे तसे होत असावे, असे मी धरून चाललो आहे. मॅग्नेट उघडण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

आर्वीकर

माझ्या गाडीलाही हाच त्रास होता. कॉइल बदलली आणि तीन वर्षे झाली, पुन्हा पाहावे लागले नाही. उगाच मोजमापात दिवस घालवू नका.

गॅरेज_हिंगणघाट

आर्वीकर भाऊंच्या गाडीत कॉइलच गेली असेल, पण त्यावरून या गाडीतही तीच गेली असे म्हणता येत नाही. मी गेली अनेक वर्षे दुचाकींचे काम करतो आणि चार्जिंगच्या तक्रारीत मीटर न लावता कॉइल बदललेल्या गाड्या दर महिन्याला माझ्याकडे येतात.

डाकसेवक भाऊ, प्रथम हेडलाइटबद्दल. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणे बंधनकारक झाले. तुमच्या वर्गातील बऱ्याच स्कूटरांत हा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या एसी विजेवर चालतो. त्यामुळे तो उजळतो, एवढ्यावरून बॅटरीकडे वीज पोहोचते असे सिद्ध होत नाही; मॅग्नेट फिरतो आहे आणि दिव्याची बाजू शाबूत आहे, एवढेच कळते. चार्जिंगची बाजू स्वतंत्रपणे मोजली पाहिजे.

आरआर युनिटच्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) अशा गाड्यांत बहुधा चार तारा असतात: पिवळी दिव्याची, पांढरी चार्जिंगची, लाल बॅटरीकडे जाणारी आणि हिरवी अर्थिंगची. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा पाहूनच हात लावा. इंजिन बंद आणि थंड असताना कपलर काढा, मॅग्नेटकडून येणारी पांढरी तार आणि अर्थ यांमधला रोध मोजा. तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. साध्या मीटरच्या सळ्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ ते ०.५ ओहम दिसतो, तेवढा वजा करा, नाहीतर चांगली कॉइलसुद्धा बिघडलेली वाटेल. मीटरने काहीच दाखवले नाही तर तार तुटलेली आहे. त्यानंतर कपलर काढलेलाच ठेवून मीटर एसीवर लावा, किक मारून थोडा वेळच इंजिन चालवा आणि पांढऱ्या तारेवरचे व्होल्ट रेसबरोबर वाढतात का, ते पाहा. वाढत असतील तर मॅग्नेट उघडण्याचे कारण नाही.

वीजगळतीचा संशय मला कमी वाटतो, कारण रविवारी उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही. तरी एकदा खात्री करायची असेल तर चावी बंद ठेवून बॅटरीची काळी तार सोडा आणि मीटर मिलीअँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. ५० मिलीअँपिअर गळत असतील तर ४ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी ८० तासांत, म्हणजे सुमारे सव्वातीन दिवसांत रिकामी होते. एक मिलीअँपिअर गळत असेल तर तिला सुमारे साडेपाच महिने लागतील. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका किंवा सेल्फचे बटण दाबू नका, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जाईल. आणि चालू इंजिनवर बॅटरी सोडून पाहण्याची जुनी सवय कोणी सुचवली तर ऐकू नका, व्होल्टेज उसळून सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा भाग) जाऊ शकतो.

निवृत्त_निदेशक_ब्रह्मपुरी

हिंगणघाटच्या मित्रांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. परंतु प्रश्नकर्त्यांनी हॉर्नबद्दल जे सहज म्हणून लिहिले आहे, त्याकडे मी लक्ष वेधतो, कारण आयटीआयमध्ये हा दोष शिकवताना मी नेमके हेच लक्षण विद्यार्थ्यांपुढे ठेवत असे.

बॅटरीवर १२.१ व्होल्ट आहेत. एवढ्यावर हॉर्न थोडा मंद वाजेल, पण मुका होणार नाही. मग इंजिन बंद असतानाच तो मुका का? या गाड्यांत बहुधा बॅटरीची वीज मुख्य फ्यूजमधून पुढे चावीकडे आणि तेथून हॉर्नकडे जाते. आरआर युनिटची लाल तार फ्यूजच्या पलीकडच्या, म्हणजे चावीच्या बाजूला जोडलेली असते. इंजिन चालू असताना हॉर्नला वीज आरआर युनिटकडून सरळ मिळते, तिला फ्यूज ओलांडावा लागत नाही. इंजिन बंद असताना मात्र ती बॅटरीतून फ्यूज ओलांडूनच यावी लागते. तेव्हा हॉर्न फक्त इंजिन बंद असताना घोगरा वाजत असेल, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्या मार्गात कुठे तरी अडथळा आहे, असा अर्थ निघतो. आणि त्याच मार्गाने उलट दिशेने बॅटरीला चार्जिंग पोहोचायचे असते. सेल्फची जाड केबल बॅटरीपासून रिलेकडे थेट जाते, तिला फ्यूज लागत नाही, म्हणून बॅटरी भरलेली असेपर्यंत सेल्फ जोमाने फिरतो आणि कोणाला संशय येत नाही.

तपासणी अशी करा. इंजिन चालू, अर्धी रेस, मीटर डीसीवर. काळी सळी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून लाल सळी कपलर न काढता मागच्या बाजूने आरआर युनिटच्या लाल तारेला लावा आणि आकडा टिपा. नंतर लाल सळी बॅटरीच्या धन टोकावर लावा. या दोन आकड्यांत ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक असू नये. फरक मोठा आढळला तर वाटेतील एकेका जोडावर दोन्ही बाजूंना सळ्या लावून तो कुठे खाल्ला जातो ते शोधा. हिरव्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतही हेच करा, कारण सडलेले अर्थिंगही चार्जिंग अडवते.

इंजिन बंद ठेवून बीपने तार तपासू नका. बीपच्या तपासणीत मीटर इतका क्षीण प्रवाह सोडतो, की वीस धाग्यांच्या तारेतील एकच धागा उरला असला तरी तो वाजतो. दोष दिसतो तो प्रवाह वाहत असताना.

डाकसेवक_दारव्हा

निदेशक सर, हिंगणघाटचे दादा, दोघांचे आभार. आज सुटी असल्याने दोन्ही प्रकारची मापे घेतली.

मीटरचा दोष वजा केल्यावर पांढऱ्या तारेचा रोध ०.७ ओहम आला आणि एसी व्होल्ट रेसबरोबर चांगले वाढले. अर्ध्या रेसवर आरआर युनिटच्या लाल तारेवर १४.४ व्होल्ट मिळाले, तर त्याच वेळी बॅटरीच्या धन टोकावर १२.३. म्हणजे २.१ व्होल्ट वाटेतच जात होते, आणि त्यांपैकी १.९ एकट्या फ्यूजच्या होल्डरवर. अर्थिंगच्या बाजूला ०.१ आले.

होल्डर पायदानाखाली बॅटरीच्या शेजारी आहे. फ्यूज काढून पाहिला तर तो शाबूत होता, म्हणूनच मिस्त्रींनी तो नुसता पाहून परत बसवला असणार. पण होल्डरच्या एका पातीवर हिरवट थर चढला होता आणि तिच्या भोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते. गाडी धुताना पाइपची धार मी दर वेळी त्याच फटीतून आत मारत आलो आहे, हे तेथे बसल्याबसल्या लक्षात आले. होल्डर तालुक्याहून आणेपर्यंत फ्यूजच्या जागी तार लावून चालवू का?

गॅरेज_हिंगणघाट

तार मुळीच लावू नका. पायदानाखाली एखादी वायर घासून अर्थ झाली तर फ्यूज जाण्याऐवजी वायरिंग पेटेल, आणि जवळच पेट्रोलची टाकी आहे. दोन दिवस हिरवा थर घासून, पाती किंचित दाबून त्याच अँपिअरच्या फ्यूजवर चालवा. नवा होल्डर झाकणाचा घ्या, तारा पिळून टेप लावण्याऐवजी पक्कडीने दाबून थिंबळ (तारेच्या टोकाची धातूची पकड) बसवा आणि पात्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

दोन बॅटऱ्या का गेल्या, याचा हिशेबही लागतो. सेल्फ मारताना ७५ अँपिअर आणि दोन सेकंद धरले तर २५ वेळांचे मिळून सुमारे एक अँपिअर-तास जातात, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चौथा हिस्सा रोज. असा सडका जोड अर्धा अँपिअरही धड पुढे सोडत नसेल, तर दीड तासाच्या फेऱ्यात तेवढे परत भरत नाही. दररोजची तूट साचत गेली, आणि अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट होऊन तिची धारणक्षमता गेली. दुकानदाराच्या बॅटरीत खोट नव्हती.

निवृत्त_निदेशक_ब्रह्मपुरी

सध्याची बॅटरी मात्र लगेच टाकून देऊ नका. चार्जरवर ०.४ अँपिअरने दहा-बारा तास भरा, रात्रभर काहीही न जोडता ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ किंवा अधिक असेल तर सेल्फ मारताना मीटर लावून पाहा. त्या क्षणी दहाच्या आसपास किंवा वर राहिली, तर ती वापरण्यायोग्य आहे. साडेनऊच्या खाली कोसळली, तर ती गेली.

डाकसेवक_दारव्हा

नवा होल्डर बसवला. इंजिन बंद असतानाही हॉर्न असा वाजला, की ओसरीवर झोपलेले आमचे कुत्रे उठून पळाले. पहिल्या दिवशी रेसवर बॅटरीवर १३.६ दिसले, फेरा संपल्यावर १४.२. रात्री लाइन दोनदा गेल्यामुळे बॅटरीचे चार्जिंग दोन रात्रींत पूर्ण झाले. विश्रांतीनंतर १२.७ आणि सेल्फ मारताना १०.४ आले, म्हणून ती गाडीतच ठेवली आहे.

मिस्त्रींनी काढलेले मूळ आरआर युनिट घरी पडून होते. तेही परत लावून मोजले, १४.३ आले. ते गाडीवरच ठेवले आहे आणि बाजारी युनिट डिकीत टाकले आहे.