मदत हवी आहे: एअरसॉफ्ट रायफलच्या ग्रिपमध्ये नवी मोटर बसवताना अडलोय

नमस्कार मंडळी. माझ्या एम४ मध्ये (प्लास्टिकचे छर्रे उडवणारी, बॅटरीवरची खेळातली रायफल) व्हर्जन २ प्रकारचा गिअरबॉक्स आहे. जुनी मोटर जळाली म्हणून नवी लाँग टाइप (लांब शाफ्टची), जास्त टॉर्कची घेतली. लांबी जुनीइतकीच आहे, पण बॉडी किंचित जाड असावी, कारण ग्रिपमध्ये ती घासतच आत जाते. खालची प्लेट लावून दोन्ही स्क्रू आवळले की मोटर एका बाजूला कललेली दिसते.

ट्रिगर दाबला की कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो. प्लेटमधला उंचीचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून पाहिला. आत घेतला तर मोटर अडखळते, सैल केला तर दाते घसरल्यासारखी खरखर होते. मधली जागा काही सापडेना. दहा-बारा शॉटमध्ये ग्रिप हाताला गरम लागते, म्हणून तिथेच थांबलो. वायरचे प्लस-मायनस दोनदा तपासलेत. बॅटरी ७.४ व्होल्टची लायपो आहे.

ग्रिप आतून पॉलिश पेपरने घासू का? की पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) आणि बेव्हल गिअर (गिअरबॉक्समधला, पिनियन ज्याला फिरवतो तो) जुळत नाहीयेत? जुना पिनियन शाबूत आहे, तो काढून नव्या मोटरवर बसवता येईल, पण त्यासाठी पुलर (गिअर शाफ्टवरून ओढून काढायचं हत्यार) लागेल, आणि ठोकाठोकी करून शाफ्ट वाकवायचा नाहीये. बेव्हल गिअरचं शिमिंग (पातळ वॉशर घालून गिअर नीट जागी बसवणं) आधी बघावं का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया क्रम सांगा.