मदत हवी आहे: क्लायंट तोंडच उघडत नाही

अर्धवट_अभ्यास: समुपदेशनाचं प्रॅक्टिकल चालू आहे, एक जण तिसऱ्यांदा आला, दारूचा प्रॉब्लेम, बायकोने पाठवलं म्हणून येतो आणि "मला काही त्रास नाही" एवढंच बोलतो. शिकवलेलं सगळं करून झालं. आज तर नुसता घाम पुसत दाराकडे बघत होता. उद्या परत येतोय, काय बोलू? लवकर सांगा.

भटका_जीव: रोज किती घेतो? किती वर्षं? फक्त दारू की गोळ्यापण?

तिखटमीठ: पिण्यातून त्याला काय मिळतं ते आधी विचार. झोप लागते, डोकं शांत होतं असं काहीतरी सांगेल, तोटे मग स्वतःच काढतो. आपण सोडायच्या बाजूने बोललो की तो पिण्याची वकिली करतो, माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

शांताराम_७: वेळकाढूपणा आहे हा. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, बायकोने गुपचूप जेवणात कालवावी. आमच्या मेव्हण्याची सुटली.

रातपाळी_नर्स: गुपचूप?? वर दारू प्यायला तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तासांनी. गोळी बंद केल्यावरही १४ दिवस धोका असतो.

शांताराम_७: मेव्हणा ठणठणीत आहे.

एकेक_दिवस: गोळ्या नकोतच, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला पाठव. १९३५ पासून चालू आहे ते, उगाच नाही. मी स्वतः ९ वर्षं कोरडा.

नवी_पालवी: तंबाखू सोडायला पण एए चालतं का?

भटका_जीव: ते राहू द्या. अर्धवट, शेवटची कधी प्यायला?

अर्धवट_अभ्यास: अरे हो ते राहिलंच. रोज अर्धी बाटली, कित्येक वर्षं. परवा रात्रीपासून एकदम बंद, बायकोला शब्द दिलाय म्हणे. हात थरथरत होते, झोप नाही म्हणाला, मला वाटलं माझ्यासमोर अवघडलाय.

रातपाळी_नर्स: हे आधी सांगायचं ना! बहुतेक विथड्रॉवल आहे, म्हणजे दारू एकदम बंद केल्याचा त्रास. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, त्यानंतरही एकदोन दिवस भास, बरळणं, ताप. बोलायचं काय ते नंतर बघ. बायकोला आत्ता फोन कर, रात्रीच हॉस्पिटलला नेऊ दे, रोज किती आणि बंद कधी केली हे तिथे सांगायचंच. थायमिनचं (बी१ जीवनसत्त्व) इंजेक्शनपण लागेल. सुपरवायझरलाही कळव.

अर्धवट_अभ्यास: केला फोन. ती म्हणते दोन दिवसांनी आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू का?

रातपाळी_नर्स: उठव म्हणावं.