मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या बाळाला मिल्क बँकेतलं दूध द्यायला हो म्हणू का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. परवा रात्री बायकोचं बीपी एकदम चढलं आणि तिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन 1180 ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, दर दोन तासांनी नळीतून 2 एमएल दूध द्यायचं म्हणतात. बायको वरच्या मजल्यावर, अजून उठू देत नाहीत, सिस्टर तिचा चीक हाताने पिळून काढतात, आज सकाळी सिरिंजमध्ये कसाबसा 1 एमएल आला, पिवळाधमक. मीच तो दोन्ही हातांत धरून जिन्याने खाली नेला, लिफ्टची वाट बघवेना.

डॉक्टर म्हणाले कमी पडेल तेवढं मिल्क बँकेतलं देऊ, फॉर्मवर सही करा. आई निफाडहून आलीये, ती म्हणते कुणाची कोण बाई, तिला काय आजार असेल, त्यापेक्षा घरच्या गाईचं पातळ करून द्या, तुलाही तेच पाजलं होतं. आईला दुखवायचं नाहीये पण मलाही धाकधूक आहेच. आणि बायकोला अजून बोललो नाही, तिला वाटेल माझं दूध पुरत नाही म्हणून दुसरीचं आणलं. कुणी दिलंय का असं दूध? संध्याकाळच्या राउंडच्या आत सांगायचंय, प्लीज.

प्रतिसाद:
दादा, सही करा. माझा मुलगा 1300 ग्रॅमचा होता, त्याला नऊ दिवस दिलंय. आधी आईंसाठी सांगते, दूध देणारी बाई म्हणजे स्वतःच्या बाळाला पाजून उरलेलं देणारी आई, पैसे घेत नाही. तिची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस सगळी तपासणी होते. मग दूध 62.5 डिग्रीला 30 मिनिटं पाश्चराइझ करतात, जंतू राहिलेत का ते कल्चर लावून बघतात, तोपर्यंत उणे 20 ला गोठवून ठेवतात. गाईचं मात्र अजिबात नको हो, एवढ्याशा जिवाच्या किडनीला आणि आतड्याला ते झेपत नाही. पावडरच्या दुधानेही अशा बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडायची भीती जास्त असते, आईच्या दुधाने आणि बँकेतल्या दुधाने कमी. म्हणून डॉक्टर आधी आईचं, नाही पुरलं तर बँकेतलं, असं धरतात.

आणि वहिनींना आजच सांगा, लपवू नका. मला नवऱ्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं, ते मला जास्त लागलं. त्यांचं दूध काढणं मात्र थांबवू नका, दिवसातून आठेक वेळा, रात्रीसुद्धा, थेंब आला तरी काढायचं, तरच पान्हा वाढतो. बँकेतलं दूध तेवढ्यापुरतंच असतं. आणि पाश्चराइझ केल्यावर त्यातले काही चांगले घटक कमी होतात, म्हणून तो 1 एमएल चीक सोन्यासारखा, आधी तोच द्यायला सांगा.

दुसरा प्रतिसाद:
आईंना सांगा हे नवीन फॅड नाही, मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केली, आशियातली पहिली मिल्क बँक. आणि बाळ स्थिर झालं की कांगारू मदर केअरचं विचारा, छातीशी उघडं धरलं की दूध उतरायला मदत होते. बापालाही धरता येतं बरं का.

धागाकर्ता:
खूप खूप आभार ताई, दादा. सही केली. बायकोला व्हीलचेअरवरून खाली आणलं तेव्हाच सांगितलं, रडली थोडी, मग म्हणाली माझं जास्त झालं की मी पण देईन. आई अजून नाराज आहे, पण मगाशी सिस्टरने बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं ते सगळं उभं राहून ऐकत होती. आता एकच, द्वारका किंवा मुंबई नाक्याजवळ चांगला इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप भाड्याने कुठे मिळेल? आजच पाहिजे, रात्रीपासून सुरू करायचंय.