कोळशाच्या थरातील खंड: नदी पीटच्या काळातली की नंतरची, हे कसे ठरवावे?

नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशावर विद्यार्थ्यांसाठी टिपण तयार करताना एका मुद्द्यावर भूशास्त्राच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे: कोळशाचा थर मध्येच तुटलेला दिसला, तर तेथील नदी पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, ज्याचा पुढे कोळसा होतो) साचत असतानाची की नंतरची? पारसिकच्या डोंगरासकट आपला सारा परिसर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा असल्याने असे थर मुलांना जवळपास दाखवता येत नाहीत. सारी भिस्त आकृत्यांवर, म्हणून त्या अचूक हव्यात.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस भागातील कोळसा पर्मियन काळातील (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या) बराकर नावाच्या शैलसमूहात सापडतो. त्याआधी हिमनद्यांनी तालचीर नावाने ओळखला जाणारा गाळ टाकल्यानंतर हवामान उबदार होत गेले, खचत जाणाऱ्या खोऱ्यांतून नद्या वाहू लागल्या आणि पात्राबाहेरच्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिससारख्या (आता नामशेष) वनस्पतींचे अवशेष साचून पीट तयार झाले. जमीन खचण्याचा आणि पीट साचण्याचा वेग जेथे दीर्घकाळ जुळला, तेथे जाड थर झाले. पुराबरोबर येणारा गाळ त्यात मिसळे. अशा खोऱ्यांतील कोळशात, म्हणजे गोंडवन कोळशात, अनेकदा 30 ते 45 टक्के राख असते, त्याचे हे मोठे कारण होय. आजच्या वीजकेंद्रांतील राखेच्या ढिगांचे मूळ इतक्या जुन्या पुरांत आहे, हे विद्यार्थ्यांना कळलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अडचण पुढे आहे. काही ठिकाणी थर एकाएकी संपतो आणि त्याच्या पातळीवर वालुकाश्म लागतो. पीट साचत असतानाच नदी शेजारून वाहत असेल, तर पात्राकडे जाताना राख वाढत जावी आणि नदीकाठचा नैसर्गिक बांध फुटून आलेल्या गाळामुळे थर दुभंगावा. नंतरच्या नदीने थर कापला असेल, तर वालुकाश्माचा तळ खोदल्यासारखा स्पष्ट असावा, त्यात कोळशाचे तुकडे मिळावेत आणि कापलेल्या कडेपर्यंत राखेचे प्रमाण फारसे बदलू नये. परंतु तीच नदी आधी शेजारून वाहिली आणि पुढे सरकून तिनेच पीट कापले, तर दोन्ही खुणा एकत्र दिसतील. शिवाय पीट दाबाखाली कित्येक पटींनी आकसते, वाळू मात्र फारशी आकसत नाही, त्यामुळे थरांचा मूळ उतारही बदललेला असतो.

हाती केवळ दूरदूरच्या बोअरहोलचे नमुने असतील, तर यांपैकी कोणता पुरावा निर्णायक मानावा? प्रस्तरभंगामुळे (भेगेवरून खडक सरकल्याने) थर तुटल्याची शक्यता आधी कशी बाजूला काढावी? आणि थरांचा उभा छेद (आकृती) काढताना आकसण्याची दुरुस्ती कोणत्या थराला आधार धरून करावी?