टाकीतील प्रवाळ आणि माशांचे मॅक्रो छायाचित्रण: काचेआडून स्पष्टता कशी साधावी?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. आमच्या घरी दोन वर्षांपासून ९० सेंटिमीटर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी, काही मश्रूम प्रवाळ आणि झोअँथिडांची (फुलासारख्या दिसणाऱ्या, कठीण सांगाडा नसलेल्या समुद्री जिवांची) एक वसाहत आहे. अलीकडेच मी १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून छायाचित्र घेण्याची) लेन्स घेतली. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा आहे.

दोन अडचणी सुटत नाहीत. झोअँथिडांचे हिरवे आणि केशरी रंग डोळ्यांना स्वच्छ दिसतात, छायाचित्रात मात्र सगळे निळ्या रंगात बुडून जाते. शिवाय वसाहत टाकीच्या तळाशी असल्यामुळे मी कॅमेरा वरून तिरका धरते, तेव्हा प्रत्येक फुलाच्या कडेला जांभळट रेघ उमटते. दुसरी अडचण क्लाऊनफिशची. शंभर छायाचित्रे काढली तरी डोळा स्पष्ट आलेले एखादेच हाती लागते. लेन्समध्ये दोष आहे की माझ्या पद्धतीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (फोंडा)

ताई, लेन्स बदलण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. आपण वर्णन केलेली जांभळी रेघ ही तिरकेपणाची खूण आहे. प्रकाश पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना दोन वेळा वळतो, आणि तिरक्या कोनात निरनिराळे रंग निरनिराळ्या प्रमाणात वळत असल्यामुळे कडा रंगीत होऊन फाटतात. कॅमेरा काचेला अगदी काटकोनात धरला, तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. तळाशी असलेल्या वसाहतीसाठी कॅमेराच तिच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो. मी जमिनीवर चटई टाकून, ट्रायपॉडचे पाय पसरवून, छातीवर झोपून काम करतो. लेन्सच्या तोंडाला रबरी हूड (झालर) लावून तो काचेला अलगद टेकवला, की कोन आपोआप सरळ राहतो आणि खोलीतले प्रतिबिंबही थांबते. तरीही खोलीतला दिवा बंद करून खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

आता अंतर. १०० मिलिमीटरच्या बहुतेक मॅक्रो लेन्स पूर्ण आकारमानाला, म्हणजे १:१ ला (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराचीच उमटते तेव्हा), सेन्सरपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर फोकस होतात. लेन्सच्या तोंडापुढे त्यातले जेमतेम १३ ते १५ सेंटिमीटर उरतात. पाण्यातली वस्तू मात्र प्रत्यक्ष अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसते. त्यामुळे काचेपासून १२ सेंटिमीटर आत असलेले फूल लेन्सला ९ सेंटिमीटरवर असल्यासारखे वाटते. हे एकदा लक्षात आले, की कोणता दगड पुढच्या काचेजवळ मांडायचा हे ठरवणे सोपे जाते.

फोकसची जाडी किती कमी असते, याची कल्पना प्रत्यक्ष काम केल्याशिवाय येत नाही. आपल्या सेन्सरवर १:१ ला, एफ/११ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. आकारमान निम्मे केले, म्हणजे १:२ ला आलो, तर तीच जाडी साधारण तीन मिलिमीटर होते. माशासाठी १:२ किंवा त्याहूनही कमी घ्यावे आणि नंतर कातरावे, असे माझे ठाम मत आहे. एफ/१६ च्या पलीकडे जाऊ नये, कारण तिथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच मऊ पडते. त्यातही १:१ ला एफ/८ चा प्रत्यक्ष परिणाम एफ/१६ इतका होतो.

प्रवाळ टिपताना पंप बंद करावा, मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, आणि मोबाइलवर गजर लावल्याशिवाय तर मुळीच नको. पाणी थांबल्यावर झोअँथिडांची स्पर्शिका डुलायची थांबते, तरंगणारा कचरा खाली बसतो, आणि ट्रायपॉडवर १/६० सेकंदही पुरतो.

प्रतिसाद २ (म्हापसा)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, माशाबद्दल एक गोष्ट जोडतो. एका सेकंदात एकच सेंटिमीटर सरकणारा क्लाऊनफिश १/२०० सेकंदात ०.०५ मिलिमीटर सरकतो. १:१ ला सेन्सरवरही तेवढीच रेघ उमटते, आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर ती बारा-तेरा पिक्सेल भरते. डोळा अस्पष्ट येण्यामागे हे साधे गणित आहे. यावर उपाय एकच: कॅमेऱ्यापासून अलग केलेला फ्लॅश टाकीच्या वर, पाण्याकडे तोंड करून ठेवणे. कमी शक्तीवर त्याची चमक हजारांश सेकंदापेक्षाही कमी काळ टिकते, आणि मासा जागच्या जागी गोठतो. समोरच्या काचेवर फ्लॅश मारू नये, तो थेट परत येतो.

निळेपणाबाबत: टाकीचे निळे एलईडी इतके तीव्र असतात, की कॅमेऱ्यातले १०००० केल्विनपर्यंतचे व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल साधणारी सोय) अपुरे पडते. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) छायाचित्र घ्या आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) निळी बाजू कापली जाणार नाही इतका उजेड ठेवा. कापली गेली, तर नंतर काहीही परत मिळत नाही. आपल्या डोळ्यांना दिसणारा हिरवा झळाळ हा प्रवाळातील प्रथिनांचा प्रतिदीप्तीचा उजेड असतो. निळा प्रकाश शोषून ती हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. डिस्कोसोमा या मश्रूम प्रवाळातील लाल प्रथिनाचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे ते पेशीविज्ञानात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. हा झळाळ टिपायचा असेल तर लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावून निळ्या दिव्यांतच काम करा. प्रवाळाचे दिवसाउजेडी रंग हवे असतील तर फ्लॅश वापरा. दोन्ही एकाच छायाचित्रात मिळवण्याच्या नादात माझे वर्षभर गेले.

प्रतिसाद ३ (वास्को)

छायाचित्रणाच्या निमित्ताने दोन सूचना कराव्याशा वाटतात.

गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी बुडी मारून आलेले काही जण छायाचित्रासाठी प्रवाळाचा तुकडा घरी आणण्याविषयी विचारतात. कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ते काढणे हा गुन्हा आहे. समुद्रातल्या प्रवाळाचे छायाचित्र समुद्रातच काढावे. आपले मश्रूम आणि झोअँथिड त्या कठीण गटात येत नाहीत, पण झोअँथिडांचा दगड हलवताना हातमोजे आणि चष्मा वापरा. त्यांच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते, आणि म्हणूनच असा दगड गरम पाण्यात घालू किंवा घासू नये.

दुसरी सूचना आपल्या पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर लेन्स साध्या पिशवीत राहिली, तर आतल्या भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. माझी पहिली मॅक्रो लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा काटा एवढ्यात काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. खाऱ्या पाण्याचा थेंब कॅमेऱ्यावर उडाला, तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने लगेच टिपून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर (डिचोली)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री आतल्या काचेवरचा शेवाळाचा थर पात्याने खरवडला, पंप थांबवला, आणि चटईवर झोपून हूड काचेला टेकवला. जांभळी रेघ खरोखरच गेली. पिवळ्या फिल्टरमधून एका झोअँथिडाच्या मधोमध असलेली तोंडाची फट प्रथमच दिसली. तिच्याभोवती हिरवे कडे होते, आणि एका स्पर्शिकेच्या टोकाशी अन्नाचा कण चिकटलेला होता. दोन वर्षे रोज पाहत असलेल्या जिवाचे हे तोंड मी कधी पाहिलेच नव्हते.

क्लाऊनफिशची मादी मात्र कॅमेरा दिसताच मागच्या दगडाआड जाते. फ्लॅश अजून घेतलेला नाही, म्हणून तोपर्यंत रोज खाऊ देण्याआधी पंधरा मिनिटे कॅमेरा न उचलता समोर नुसते बसायचे ठरवले आहे. याहून चांगला मार्ग कोणाला ठाऊक असल्यास अवश्य लिहावे.