मोठे टायर घातल्यावर आधी काय: लॉकर की क्राउन-पिनियन?

फोरलो
दगडा-चिखलाच्या वाटांसाठी फोर-व्हील गाडी उंच केली, मोठे टायर चढवले की पुढचा प्रश्न ठरलेला: लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरवणारा) कुठला टाकू? माझं म्हणणं, आधी गिअर बघा, म्हणजे एक्सलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी. लॉकर पळून जात नाही.

हिशेब सोपा आहे. कंपनीचे टायर २९ इंची आणि एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती वेळा फिरतो) ३.७३ असेल, तर ३३ इंची टायर घातल्यावर तो ३.२८ असल्यासारखा वागतो. गाडी दबते, पाचव्यात ओढत नाही, चढावर पहिल्यातही क्लच सरकवावा लागतो. मूळ ओढ परत हवी तर ३.७३ × ३३ ÷ २९, म्हणजे ४.२४ पाहिजे. असा सेट सहसा मिळत नाही, मिळतात ४.१० आणि ४.५६. मी डोळे झाकून ४.५६ म्हणेन. टायर नुसते उंच नसतात, जडही असतात. त्यात विंच आणि लोखंडी बंपरचं वजन वेगळंच.

हायवेवर इंजिन ओरडेल ही भीती अनेकांना असते. टॉप गिअरचा रेशो ०.८ धरला तर ताशी १०० किमीला आधी साधारण २१५० आरपीएम होते, ३३ इंची टायर आणि ४.५६ वर २३०० होतील. एवढाच फरक.

लटकलेलं_चाक
गणित मान्य, निष्कर्ष नाही. तुमची गाडी अडकते कुठे ते आठवा. ताकद कमी पडली म्हणून फार क्वचित. एक चाक हवेत गेलं म्हणून, बहुतेक वेळा.

ओपन डिफ (लॉकर नसलेला साधा डिफरन्शियल, एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, आणि खरी गोम तिथेच आहे. हवेतल्या चाकाला फिरायला जेमतेम टॉर्क लागतो, तर जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. रेशो ३.७३ असो की ५.३८, लटकलेलं चाक हळू फिरेल की जोरात एवढंच बदलतं. मागच्या एक्सलला एक चांगला लॉकर टाका, निम्म्या अडचणी तिथेच संपतील.

बटणवाला
दोघंही जुन्या काळात आहात असं वाटतं. हल्ली ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल येतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की पलीकडच्या चाकाला ताकद जाते. पाय स्थिर ठेवून एक-दोन सेकंद त्याला काम करू द्या. लोक घाबरून पाय काढतात आणि मग यंत्रणेला नावं ठेवतात.

लटकलेलं_चाक
बटणवाले साहेब, ‘हल्ली’वर नका जाऊ. डिफ तोच आहे, ओपन. पकड असलेल्या चाकाला जेवढा टॉर्क हवा, तेवढाच दुसऱ्या बाजूच्या ब्रेकमध्ये जाळावा लागतो. इंजिनाने काढायचा दुप्पट, त्यातला अर्धा डिस्क तापवण्यात. छोट्या अडथळ्याला ठीक. लांब दगडी चढावर ब्रेक तापले की काही गाड्यांत यंत्रणा स्वतःच माघार घेते. शिवाय ती जागी होते चाक घसरल्यावर. लॉकर घसरण्याआधीच लागलेला असतो.

फोरलो
लटकलेलं_चाक, डिफचं तुम्ही सांगितलंत ते शंभर टक्के खरं. पण लॉकर आहे आणि गिअर उंच (म्हणजे रेशोचा आकडा लहान) आहे, अशा गाडीत ड्रायव्हर काय करतो ते कधी बाजूला उभं राहून बघा. फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू गती), पहिला, तरी गाडी हवी तेवढी हळू चालत नाही. मग क्लच अर्धा दाबून, रेस देत दगडावर आपटायचं. चाक उसळतं, हवेत जोरात फिरतं आणि तसंच फिरत दगडावर बसतं. खट्! एक्सल शाफ्ट गेला. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि पुढचा लॉकर लागलेला असेल तर सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) आधी जातो.

लॉकर लागल्यावर एका शाफ्टवर पूर्ण एक्सलचा टॉर्क येऊ शकतो. तो झटक्याने न येता सावकाश यावा, यासाठीच गिअर. पहिला गिअर ४.०, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो २.७२ आणि एक्सल ३.७३ असेल तर क्रॉल रेशो (तिन्हींचा गुणाकार, जितका मोठा तितकी गाडी हळू चालते) सुमारे ४०.६. ४.५६ घातलं की ४९.६. क्लचला हात... म्हणजे पाय लावायची गरजच कमी होते.

बटणवाला
मग ट्रान्स्फर केसचाच लो बदला ना. जीप रॅंग्लर रुबिकॉनमध्ये ४:१ चा लो येतो. हायवेला काही फरक नाही, एक्सल उघडायला नकोत.

फोरलो
रुबिकॉनमध्ये त्या ४:१ सोबत एक्सलला ४.१० आणि दोन्हीकडे लॉकरही येतात, तेवढं सोडून दिलंत. नुसता लो बदलून फोर-हाय आणि टू-हायमधलं (म्हणजे नेहमीच्या वेगातलं) रडगाणं तसंच राहतं. चिखलात आणि वाळूत ४:१ फार हळू पडतो. तिथे चाकाला वेग लागतो. निव्वळ दगड चढणाऱ्यांसाठी मात्र झकास.

पाना_हातोडा
तुमचं ‘आधी हे की आधी ते’ वाचून हसू येतंय. एक्सल एकदाच उघडा आणि दोन्ही कामं एकत्र करा. आळस म्हणून म्हणत नाही. लॉकर हाच नवा कॅरिअर (डिफचा सांगाडा) असतो आणि क्राउन, म्हणजे मोठं चक्र, त्याच्यावर बसतो. काही एक्सलमध्ये रेशोप्रमाणे कॅरिअर बदलतो. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून वर दुसरा. आज ३.७३ चा लॉकर घेतलात आणि वर्षाने ४.५६ करायचं ठरवलंत, तर लॉकर पुन्हा घ्या, नाहीतर जाड क्राउन शोधत बसा.

दुसरं, पिनियनचे, म्हणजे छोट्या चक्राचे, दात मोजा. ३.७३ म्हणजे क्राउनच्या ४१ दातांना पिनियनचे ११. ४.१० म्हणजे ४१ ला १०. ४.५६ म्हणजे ४१ ला ९. ४.८८ म्हणजे ३९ ला ८. क्राउन तेवढाच, पिनियन बारीक होत जातो. छोट्या एक्सलमध्ये ४.८८ घालून वर लॉकर लावणारे शाफ्टची काळजी करतात, पिनियनची कोणी करत नाही.

आणि फिटिंग. क्राउनच्या दातांवर मार्किंगचा पिवळा लेप लावायचा, किंचित ब्रेक धरून फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या टोकाकडे किंवा मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियनखालची शिम (पातळ चकती) बदला, पुन्हा प्रेस, पुन्हा लेप. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजायचा, बहुतेक एक्सलला ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास. हे ‘हाताला बरोबर वाटतंय’ म्हणून बसवणारा मिस्त्री दिसला तर गाडी परत आणा. नवा सेट पहिल्यांदा थोडा चालवून पूर्ण थंड होऊ द्या, सुमारे ८०० किमीला तेल बदला, तोवर ट्रेलर ओढू नका.

पुढचा-मागचा रेशो जुळलाच पाहिजे, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण एकच एक्सल बदलून फोर-व्हील लावणारे असतात.

लटकलेलं_चाक
लॉकर कुठला, यावर मात्र कोणी बोलतच नाही. माझं मत स्विचवाल्याला, हवेचा असो की इलेक्ट्रिक. डेट्रॉइटसारखा ऑटोमॅटिक (आपोआप लागणारा-सुटणारा) लॉकर मजबूत असतो, वायर नाही, नळी नाही. पण वळणावर खडाखडा वाजतो, आणि ओल्या आडव्या उतारावर बंद करता येत नाही. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडी धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीची शेपूट खाली सरकते.

नवा_ड्रायव्हर
मंडळी, ३१ इंची टायर, ३.७३, मूळ २९. कच्चे रस्ते, कधीतरी ओढा. काय करू?

लटकलेलं_चाक
भाऊ, गिअर राहू दे. मागे स्विचवाला लॉकर, आणि त्याआधी टायरची हवा कमी करायला शीक.

फोरलो
हिशेबाने ३.९९ येतो, म्हणजे ४.१० नेमका बसतो. गाडी मॅन्युअल की ऑटो?

नवा_ड्रायव्हर
ऑटो.

फोरलो
मग क्लचचा प्रश्न नाही, टॉर्क कन्व्हर्टर बरंच सांभाळून घेतो. चढावर ती सारखी गिअर बदलत असेल आणि गिअरबॉक्सचं तेल तापत असेल तर ४.१०. तसं काही होत नसेल तर या वेळेपुरतं लटकलेलं_चाक यांचं ऐक. फक्त एक्सल कुठला आहे ते पाना_हातोडा यांना विचारून मगच लॉकर मागव.