‘जलपदचिन्ह’, ‘उपसा’ आणि ‘व्यय’

प्रश्न : एका अहवालाच्या मराठी मसुद्यात ‘वॉटर फूटप्रिंट’साठी ‘जलपदचिन्ह’ हा शब्द योजला आहे. तो एके ठिकाणी लिटरमध्ये येतो, तर दुसरीकडे ‘जागतिक समतुल्य घनमीटर’ या एककात. दोन्हींसाठी एकच शब्द चालेल का? तसेच ‘उपसा’ आणि ‘वापर’ यांत भेद पाळावा का?

उत्तर : भेद अवश्य पाळावा. नदीतून किंवा विहिरीतून उचललेले सगळे पाणी म्हणजे उपसा; त्यातले जे त्याच खोऱ्यात परत येत नाही, तेवढाच व्यय. ‘वापर’ हा शब्द दोन्हींवर पांघरूण घालतो, म्हणून तांत्रिक लेखनात मी तो टाळतो. कोयनेचे उदाहरण पाहावे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पुन्हा कोयना नदीत येते, म्हणून तिथे व्यय जवळजवळ नाही. बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरणारे पाणी मात्र वीज देऊन वाशिष्ठीत आणि पुढे अरबी समुद्रात जाते. त्याची वाफ झालेली नसली, तरी कृष्णा खोऱ्याच्या हिशेबात ते गेलेच, आणि २०१४ च्या ‘आयएसओ १४०४६’ या जलपदचिन्हाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेही तो व्ययच होय.

आता मूळ शब्दाकडे वळू. डच संशोधक आर्येन हूक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’ ही संकल्पना मांडली, तेव्हा मोजायचे होते ते एखादी वस्तू तयार होईपर्यंत लागणाऱ्या पाण्याचे आकारमान : एक किलो तांदळामागे, जागतिक सरासरीने, सुमारे २,५०० लिटर. मात्र कोकणातल्या पावसावर पिकलेल्या भाताचे लिटर आणि आटत चाललेल्या भूजलावर पिकवलेल्या भाताचे लिटर या मापात सारखेच भरतात. आयएसओ मानकाला ते पुरेसे वाटत नाही. परिणामाचे मूल्यमापन नसेल, तर नुसत्या आकारमानाला ते ‘पदचिन्ह’ म्हणू देत नाही. म्हणून ‘अवेअर’ या टंचाईचा परिणाम मोजण्याच्या पद्धतीत व्ययाला त्या प्रदेशाच्या टंचाईच्या गुणकाने गुणतात. हा गुणक ०.१ ते १०० असतो आणि १ म्हणजे जागतिक सरासरी. तेव्हा गुणक ४० असलेल्या खोऱ्यातला एक घनमीटर व्यय ४० समतुल्य घनमीटर भरतो. आपल्या अहवालातले दुसरे एकक हेच असावे. माझ्या मते लिटरच्या आकड्याला ‘जलव्यय’ म्हणावे आणि ‘जलपदचिन्ह’ गुणलेल्या आकड्यासाठी राखून ठेवावे. (‘पदचिन्ह’ कानाला जड वाटते, ‘जलठसा’ मला अधिक रुचतो, पण तो आवडीचा प्रश्न झाला.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मसुद्यात ‘करडे पाणी’ही आहे, त्यालाही व्यय म्हणावे का?

उत्तर : नाही. प्रदूषण ठरलेल्या मर्यादेत आणण्यासाठी किती पाणी मिसळावे लागेल, याचा तो निव्वळ हिशेबी आकडा आहे. घरगुती सांडपाण्यालाही ‘करडे पाणी’ म्हणण्याची पद्धत असल्याने पहिल्याच उल्लेखात ‘विरलीकरणासाठी लागणारे पाणी’ असे स्पष्ट लिहावे.